सोवळं, शेरवानी की बंदगळा? नवरदेवाच्या कपड्यांचा हिशेब

मुहूर्त निघाला, कार्यालय ठरलं, शालू दोनदा बदलून झाला, की मग कुणाला तरी आठवतं: अरे, मुलाच्या कपड्यांचं काय? पुढच्या रविवारी आई, बहीण आणि होणारी बायको अशा तिघी मिळून त्याला दुकानात नेतात आणि आरशासमोर उभं करतात. खरी गोची इथेच होते. आरशासमोर माणूस उभा असतो आणि लग्नात त्याला बराचसा वेळ पाटावर बसायचं असतं.

म्हणून कापड बघण्याआधी त्या दिवसाचा कार्यक्रम समोर घ्या. सकाळी पुण्याहवाचन आणि देवक, मग अंतरपाट धरून मंगलाष्टकं, कन्यादान, विवाहहोम, लाजाहोम, सप्तपदी आणि संध्याकाळी रिसेप्शन. घराण्यागणिक क्रम थोडा मागेपुढे होतो. यात मंगलाष्टकं आणि रिसेप्शन ही उभ्याने निभावायची कामं. उरलेलं बहुतेक सगळं मांडी घालून, धुरात आणि ओल्या हातांनी.

विधींसाठी सोवळं

रेशमी धोतर आणि उपरणं. विधींसाठी याला तोड नाही, असं माझं स्पष्ट मत आहे आणि त्यामागे धार्मिकतेपेक्षा सोय जास्त आहे. कन्यादानाच्या वेळी ओंजळीवर पाण्याची धार सोडतात. चुस्त कफाची बाही असेल तर ती मनगटापासून भिजते आणि पुढचा तासभर तशीच चिकटून राहते. लाजाहोमात मुलीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि दोघांनी मिळून त्या अग्नीत सोडायच्या असतात. तेव्हा तुमचे हात थेट ज्वाळेवर असतात, त्यामुळे अंगावर कृत्रिम धाग्याचं काही लोंबत नसलेलं बरं. सप्तपदीत तांदळाच्या राशींवर पाऊल टाकताना धोतरात पाय मोकळा पडतो. शिवाय उपरणं अंगावरच असतं, त्यामुळे नवरीच्या शेल्याशी गाठ मारायला वेगळं काही आणावं लागत नाही. शेरवानीवर यासाठी निराळा शेला घ्यावा लागतो. तो खांद्यावर ठरत नाही, म्हणून त्याला पिन लावतात आणि ऐन गाठ मारायच्या वेळी ती पिन कुणाला सापडत नाही.

सोवळ्याच्या अडचणीही खऱ्या आहेत. धोतर नेसता येत नाही. उघड्या अंगाचा संकोच वाटतो, तोही फोटोग्राफरच्या दिव्यांसमोर आणि सासरच्या दोनशे माणसांपुढे. तुळशीच्या लग्नानंतरच्या थंडीत एसी हॉल असेल तर दात वाजतात. संकोचावर उपाय सोपा आहे: वरून पातळ सुती किंवा रेशमी कुडता घाला. मात्र गुरुजींना आधी विचारून ठेवा, कारण काही जण होमाला शिवलेला कपडा नको म्हणतात.

नेसण्याच्या भीतीपोटी बरेच जण इलॅस्टिकचं शिवलेलं धोतर घेतात. पुढून ते ठीक दिसतं. मागून मात्र पायजमा दिसतो, कारण कासोट्याच्या जागी नुसती शिवण असते, आणि लग्नात निम्मे फोटो पाहुण्यांच्या बाजूने, म्हणजे बरेचदा पाठीमागूनच निघतात. नेसलेलंच धोतर घ्या. काम फार अवघड नाही. कापडाचा मध्य कमरेमागे धरून पुढे घट्ट गाठ मारायची, एका बाजूच्या निऱ्या पायांमधून मागे नेऊन कासोटा खोचायचा, दुसऱ्या बाजूच्या निऱ्या पुढे बेंबीपाशी खोचून सोडायच्या. नवं कोरं रेशीम निसटतं, म्हणून वरून एक सुती नाडी करकचून बांधायची. लग्नाआधी एकदा घरी नेसून मांडी घालून जेवा आणि हात न टेकता उठा. तेवढ्यात टिकलं तर होमापुढेही टिकेल.

शेरवानी: दिसायला देखणी, बसायला कठीण

मराठी लग्नात शेरवानी हिंदी सिनेमातून आली, असं नाक मुरडून म्हणणारे खूप आहेत. पुण्या-मुंबईपुरतं ते चालून जाईल. मराठवाडा मात्र 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे शेरवानी हा दरबाराचा आणि कचेरीचा पोशाख होता, 1918 साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठातले विद्यार्थीही ती घालत. औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं, हिमरू हे सुती-रेशमी कापड शेरवान्यांसाठी नावाजलेलं होतं. त्यामुळे तुमची मुळं त्या बाजूची असतील तर शेरवानी घालताना कुणाला सफाई देत बसायची गरज नाही. हिमरूचं कापड मिळालं, तर मखमलीवर खडे चिकटवलेल्या तयार शेरवानीपेक्षा ते शंभरदा चांगलं.

तयार शेरवानीचं दुखणं तिच्या वजनात आहे. आत अस्तर, वर भरतकाम, खाली चुडीदार. हे अंगावर चढवून अकोल्यात नाहीतर नागपुरात मे महिन्यातल्या मुहूर्तावर उभं राहून बघा. मांडी घातली की चुडीदार गुडघ्यात आवळतो आणि पुढचे पदर होमाच्या दिशेने पसरतात. आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. ज्या छातीवरच्या नक्षीसाठी तुम्ही जास्तीचे पैसे मोजता, ती हार पडला की झाकली जाते. फुलांचा रस लागतो, हाराची तार जरीत अडकते, आणि शेरवानी भाड्याची असेल तर परत करताना त्यावरून वाद होतो.

तरीही मंगलाष्टकांना शेरवानीच हवी असेल तर घाला, पण हलकी घ्या आणि होमाआधी बदला.

बंदगळा

माझं झुकतं माप याला. जोधपुरी म्हणून जो मिळतो तो बंद गळ्याचा कोट मराठी नवरदेवाला मुळीच नवा नाही. घरात पणजोबांच्या लग्नाचा फोटो असेल तर काढून बघा: धोतर, वर बंद गळ्याचा लांब कोट, डोक्यावर पगडी किंवा टोपी. ही जोडी आज कुणाच्या डोक्यात येत नाही, याचं मला नवल वाटतं. सकाळी नेसलेलं धोतर तसंच ठेवून मंगलाष्टकांना वरून कोट चढवायचा, होमाला उतरवायचा, आणि संध्याकाळी त्याच कोटाखाली पँट घालून रिसेप्शनला उभं राहायचं. एका कोटात दोन कार्यक्रम निघतात. वर्षभराने मित्राच्या लग्नाला तोच कोट पुन्हा चालतो. शेरवानीच्या नशिबी हे नसतं, ती कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत जाऊन बसते.

पैशाचं गणितही इथेच सुटतं. भरजरी शेरवानी सहज पाच आकड्यांत जाते आणि एका दिवसासाठी असते, म्हणून ती भाड्याने घेणंच शहाणपणाचं. बंदगळा मात्र शिवूनच घ्यावा, तोही खांद्याच्या मापात चोख असलेल्या शिंप्याकडून. सोवळं विकत घ्या. पुढे सत्यनारायणाला, मुंजीला, गणपतीत ते अंगावर येतंच.

सुटाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रिसेप्शनला ठीक, पाटावर अजिबात नको.

डोक्यावर काय?

फेटा, पगडी की टोपी हा वाद कपड्यांपेक्षा जास्त रंगतो. पुणेरी पगडीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ती तयार असते, पटकन घालता-काढता येते, पण डोक्याच्या मापाची नसेल तर वाकून नमस्कार करताना घरंगळते आणि नवरदेवाला त्या दिवशी वाकण्यावाचून दुसरं काम नसतं. कोल्हापुरी फेटा डोक्यावरच बांधून घेतला तर हलत नाही, तुरा आणि शेमला शोभतात. मात्र बांधणारा जोशात आला की कानशिलं आवळली जातात आणि दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागतं. बांधतानाच त्याला सैल ठेवायला सांगा आणि कानाच्या पाळ्या बाहेर राहतील असं बघा. नाहीतर कानपिळीला मेव्हणा फेट्यात कान शोधत बसतो.

मुंडावळ्या फेट्यावरून बांधल्या तर त्या भुवयांवर उतरतात, म्हणून मागे एक टाका घालून घ्या. होमाला मात्र फेटा नको, टोपी किंवा मोकळं डोकं आणि मुंडावळ्या पुरेत.

मुलगी दुसऱ्या प्रांतातली असेल तर पारडं पुन्हा धोतराकडे झुकतं. तमिळ लग्नातलं पंचकच्छम आपल्या धोतराचंच भावंड आहे. ते नेसून, हातात छत्री-काठी घेऊन काशीयात्रेला निघायचं आणि सासऱ्यांनी समजूत घातली की परत फिरायचं. बंगाली सासर असेल तर धोतर आहेच, डोक्यावर टोपोर, म्हणजे शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या गराचा टोप, तेवढा चढवावा लागेल, फेट्याचा हट्ट तिथे धरू नका.

घरातली वडीलधारी मंडळी ‘आपल्यात हे चालत नाही’ म्हणत असतील तर एवढं लक्षात असू द्या: 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात विधींचा आणि सप्तपदीचा उल्लेख आहे, पोशाखाबद्दल अवाक्षर नाही. सत्यशोधक पद्धतीने, म्हणजे जोतीराव फुल्यांच्या पुरोहिताविना पद्धतीने, लग्न लागणार असेल तर सोवळ्याचा प्रश्नच येत नाही; तिथे बंदगळा किंवा साधा कुडता सकाळपासून रात्रीपर्यंत पुरतो.

कपडे दोनदा बदलायचे ठरले तर कार्यालयाच्या व्यवस्थापकाकडून वरपक्षाची खोली आधीच पक्की करून घ्या. पुष्कळ कार्यालयांत मोठी, आरशाची खोली वधूपक्षाला जाते आणि नवरदेव भांड्यांच्या खोलीत धोतर नेसतो. मंगलाष्टकं आणि होम यांच्यात पंधरा-वीस मिनिटं मोकळी ठेवायला गुरुजींना सांगा. धोतर नेसवणारा काका पंगतीत पहिल्या रांगेत जाऊन बसणार नाही, याची जबाबदारी एखाद्या भावावर टाका.