शारजातील एक महिना आणि रोमिंग पॅकची दीडशे मिनिटे

मुलीच्या बाळंतपणासाठी मी या वर्षी महिनाभर शारजाला होते. तेवढ्या काळासाठी माझ्या नेहमीच्या पोस्टपेड नंबरवर मी कंपनीचा तीस दिवसांचा आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक घेतला होता. त्याची किंमत २,९९९ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी होता. दीडशे मिनिटे बोलणे, थोडे इंटरनेट आणि येणारे एसएमएस मोफत, असे त्याचे स्वरूप होते. परत आल्यावर जे बिल हाती पडले, त्यात पॅकच्या किमतीखेरीज आणखी ६,८४४ रुपये लावलेले होते. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण अनेकांशी बोलल्यावर असे दिसते की हा अनुभव एकाच कंपनीपुरता मर्यादित नाही. आखाती देशांत मुलाबाळांकडे जाणाऱ्या आपल्याकडच्या पुष्कळ आईवडिलांना हे माहीत असायला हवे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. परदेशात गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू, फोनचा खर्च कशाला, असे आपण सगळेच गृहीत धरतो. संयुक्त अरब अमिरातीत मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरून संदेश, फोटो आणि रेकॉर्ड केलेले निरोप जातात, पण कॉल आणि व्हिडिओ कॉल लागत नाहीत. तिथे बोटिमसारखी परवानगी मिळालेली काही ॲप्स चालतात, परंतु ती दोन्ही बाजूंच्या फोनमध्ये असावी लागतात. व्हीपीएन, म्हणजे आपण कुठून इंटरनेट वापरतो हे लपवणारे ॲप, लावून हे बंधन चुकवण्याचा सल्ला देणारेही भेटतात. तसे करणे तिथे गुन्हा ठरू शकते, त्यामुळे पाहुण्याने त्या वाटेला जाऊच नये. सांगलीला राहिलेले माझे यजमान बोटिमवर बोलू शकत होते आणि आम्ही रोज रात्री तसे बोलतही होतो. प्रश्न होता तो माझ्या सासूबाईंचा. त्या शहाऐंशी वर्षांच्या आहेत, सांगलीत गावभागातल्या घरी दिवसा एकट्या असतात आणि त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. पणतू कसा आहे, दूध नीट पितो का, हे त्यांना रोज विचारायचे असे, आणि मलाही त्यांनी औषधे घेतली का हे विचारायचे असे. दीडशे मिनिटांचा पॅक मी घेतला, तो मुख्यत्वे त्यांच्यासाठी. रोज पाच मिनिटे असा साधा हिशेब मी मांडला होता.

सेवेचे जे चांगले आहे, ते आधी सांगते. कंपनीच्या ॲपवरून पॅक पाच मिनिटांत सुरू झाला. विमानतळावर उतरताच नेटवर्क मिळाले. महिनाभरात आवाज कधी तुटला नाही, आणि बँकेचे ओटीपी वेळेवर येत राहिले, जे मला फार महत्त्वाचे होते, कारण घराचे बरेचसे व्यवहार माझ्याच नंबरवर आहेत. इंटरनेट निम्मे संपल्यावर आणि मग ऐंशी टक्के संपल्यावर सूचनेचे संदेशही आले. मिनिटांच्या बाबतीत मात्र अशी एकही सूचना आली नाही. सतराव्या दिवशी मध्यरात्रीनंतर एकच संदेश आला, तो थेट मिनिटे संपल्याचा. यापुढे कोणता दर लागेल, हे त्यात लिहिलेले नव्हते. बाळाच्या जागरणात तो संदेश मी दोन दिवस पाहिलाच नाही, आणि त्या दोन दिवसांत फोन नेहमीसारखेच चालू राहिले.

दीडशे मिनिटे सतरा दिवसांत संपली कशी, याचे उत्तर तपशीलवार बिल मागवल्यावर मिळाले. परदेशात रोमिंगवर असताना येणारा फोनही आपल्याच खात्यातून जातो. देशात फिरताना आता येणाऱ्या फोनचे पैसे पडत नाहीत, त्यामुळे हा फरक आपण विसरून गेलो आहोत. फोन करणाऱ्याला तर आपल्या नेहमीच्या भारतीय नंबरवर फोन केल्याइतकाच खर्च येतो, म्हणून पलीकडच्या माणसाला काही जाणवतच नाही. कर्ज हवे का म्हणून विचारणाऱ्यांचे आणि कुरिअरवाल्यांचे फोनही मी शारजात उचलले, आणि तेही पॅकमधूनच गेले. शिवाय मोजणी पूर्ण मिनिटाची असते. एक मिनिट चार सेकंदांचे बोलणे बिलात दोन मिनिटांचे झालेले होते.

पण खरा घोटाळा वेगळाच निघाला. बिलात जागोजागी एकाच वेळेच्या दोन ओळी होत्या. उदाहरणार्थ, ११ वाजून ४२ मिनिटांनी घरच्या नंबरवरून आलेला फोन, दोन मिनिटे. आणि त्याच ११ वाजून ४२ मिनिटांनी माझ्या नंबरवरून यजमानांच्या नंबरवर केलेला फोन, दोन मिनिटे. त्या वेळी मी यजमानांना फोन केलेलाच नव्हता. शारजात तेव्हा सव्वादहा वाजलेले असतात, आणि ती माझी बाळाला अंघोळ घालण्याची वेळ. फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वाजत राहायचा आणि बंद व्हायचा.

शाळेत शिकवत असताना मी एक सोय करून ठेवली होती. तासावर असताना फोन उचलला गेला नाही, तर तो आपोआप यजमानांच्या नंबरवर जावा. निवृत्त होऊन दोन वर्षे झाली, तरी ती सोय तशीच राहिली आणि मी ती साफ विसरले. त्यामुळे सासूबाईंनी गावभागातून लावलेला फोन आधी शारजाला यायचा, तिथे उचलला गेला नाही की परत सांगलीला वळायचा आणि तीन-चार किलोमीटरवर विश्रामबागला दुकानात बसलेल्या त्यांच्या मुलाला लागायचा. "अरे, तू कसा उचललास?" असे त्यांनी त्याला दोन-तीनदा विचारलेही होते. नेटवर्कचा काहीतरी गोंधळ असेल म्हणून दोघांनी सोडून दिले. गावातल्या गावात झालेल्या त्या बोलण्याचे दोन आंतरराष्ट्रीय कॉल झाले होते, एक भारतातून शारजाला आलेला आणि एक शारजाहून भारतात गेलेला, आणि दोन्ही माझ्या नावावर. पॅकच्या दीडशेपैकी बावन्न मिनिटे अशी गेली. पॅक संपल्यावर येणाऱ्या फोनला मिनिटाला ५० आणि भारतात केलेल्या फोनला १०० रुपये लागत होते, म्हणजे वळवलेल्या फोनच्या प्रत्येक मिनिटाला १५०. अशी अठरा मिनिटे होती.

फोन वळवण्याची सोय चालू ठेवली ही चूक माझी आहे, आणि ती मी तक्रारीतही मान्य केली. परंतु माझ्या नंबरवर ही सोय चालू आहे, हे कंपनीच्या यंत्रणेला पॅक विकतानाच दिसत असते. ॲपवर पैसे घेण्याआधी तेवढे एक वाक्य दाखवता आले असते. शारजात उतरल्यावर स्वागताचा जो लांबलचक संदेश आला, त्यातही याचा उल्लेख नव्हता. मिनिटे संपल्यावर ग्राहकाची स्पष्ट संमती मिळेपर्यंत कॉल थांबवणेही कंपनीला अवघड नाही. युरोपीय संघातल्या देशांत १५ जून २०१७ पासून एका देशाचे सिम दुसऱ्या देशात घरच्याच दराने चालते. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय रोमिंगचे दर ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक संस्था, ठरवून देत नाही, ते कंपन्यांवर सोडलेले आहेत. निदान ते दर ग्राहकाला वेळेवर कळवण्याची जबाबदारी तरी कंपन्यांनी मनापासून घ्यावी.

ग्राहक सेवा केंद्राने माझी तक्रार चार दिवसांत "शुल्क योग्य आहे" असे सांगून बंद केली. तिथे बहुतेक लोक थांबतात, पण थांबू नये. प्रत्येक दूरसंचार कंपनीत अपील प्राधिकरण असते. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवला असेल तर तीस दिवसांच्या आत तिथे विनाशुल्क अपील करता येते, आणि एकोणचाळीस दिवसांत त्याचा निकाल द्यावा लागतो. मी बिलातल्या त्या जोडओळींवर खुणा करून पाने पाठवली. तेहेतिसाव्या दिवशी वळवलेल्या फोनचे २,७०० रुपये आणि त्यावरचा कर, मिळून ३,१८६ रुपये परत मिळाले. तिथेही दाद मिळाली नसती तर मी ग्राहक आयोगाकडे गेले असते. दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पैशांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचे वाईट वाटते. मिनिटे संपल्याचे कळल्यावर मी सासूबाईंना सांगितले की आता फोन करू नका, फार पैसे पडतात. त्यांनी ते इतके मनावर घेतले की उरलेले दिवस एकदाही फोन केला नाही. बारशाच्या दिवशी मी लेकीच्या तिथल्या फोनवरून त्यांना फोन लावला, तर नाव ऐकून घेतले आणि "ठेव आता, बिल येईल" म्हणून त्यांनीच तो बंद केला. लेकीच्या नंबरवर भारतात बोलण्याच्या मिनिटांचा वेगळा पॅक होता आणि अर्धा तास बोललो असतो तरी चालले असते, हे त्यांना पटवून देईपर्यंत फोन कट झालेला होता.

आखातात जाणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे की रोमिंग पॅक घ्यायचाच तर ओटीपीसाठी सगळ्यात लहान घ्यावा आणि बोलण्यासाठी तिथले सिम घ्यावे. पासपोर्ट दाखवून ते मिळते. निघण्याआधी, भारतात असतानाच, दोनदा हॅश, शून्य, शून्य, दोन आणि पुन्हा हॅश (##002#) असे दाबून कॉलचे बटण दाबावे, म्हणजे फोन वळवण्याच्या सगळ्या सोयी रद्द होतात. खात्री करून घ्यायची असेल तर ग्राहक सेवेला विचारावे. हे पॅक जमिनीवरच्या नेटवर्कसाठी असतात. विमानातले आणि क्रूझ जहाजावरचे नेटवर्क बहुतेक वेळा त्यांत धरलेले नसते, म्हणून तिथे फोन एअरप्लेन मोडवरच ठेवावा.

आवाज आणि नेटवर्कसाठी मी या सेवेला पाचपैकी चार गुण देईन, आणि दर व सूचना यांसाठी एक. पॅकमधून गेलेल्या त्या बावन्न मिनिटांबद्दल अपिलाच्या निकालात एक अक्षरही नाही. त्याविषयी मी पुन्हा लेखी विचारले आहे, आणि उत्तर आले की ते इथेच लिहीन.