पॅकर्स की छोटा हत्ती? नाशकातल्या नाशकात घर हलवताना

आम्ही पाच वर्षांत दोनदा बिऱ्हाड हलवलं, दोन्ही वेळा नाशकातच. २०१९ मध्ये नाशिकरोडहून पंचवटीत हिरावाडीला आलो, तेव्हा पॅकर्स-मूव्हर्सना काम दिलं होतं. २०२४ च्या मे महिन्यात हिरावाडीहून पाथर्डी फाट्याला गेलो, तेव्हा सामान स्वतः भरलं आणि छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, सांगितला. माणसं तीच, सामानही थोडंफार तेच. त्यामुळे सध्या जे याच विचारात आहेत त्यांना माझा अनुभव उपयोगी पडावा.

पॅकर्सचं काम चांगलं होतं, हे आधी सांगतो. सकाळी नऊला सहा मुलं आली आणि दुपारी एकपर्यंत घर रिकामं झालं. सोफ्याला बबल शीट, कपाटाला पुठ्ठा, काचेच्या शोकेसला जुन्या गोधड्या. हिरावाडीला दुसरा मजला, लिफ्ट नाही, जिना अरुंद. तरी त्यांनी कपाट वळणावर असं उभं करून फिरवलं की भिंतीचा रंगसुद्धा खरवडला नाही. एक कप फुटला नाही. आई दिवसभर खुर्चीत बसून होती, तिला कुणी उठवलं नाही. एवढं कसब आपल्या हातात नसतं, ते मान्य करायलाच हवं. चौदा हजार मोजले, त्याचंही वाईट वाटलं नाही.

अडचण रात्री आठला सुरू झाली. आईची बीपीची गोळी आठची असते. गोळ्या कायम फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यात. आमच्या घरात ‘फ्रिजवरचा डबा’ म्हटलं की शाळेतल्या पोरालाही कळतं. पण सामान भरणाऱ्या मुलाला ते कसं कळणार? त्यानं फ्रिज मोकळा करताना डबा उचलला आणि जवळच्या खोक्यात नीट, कागदात गुंडाळून ठेवला. समोर चौतीस खोकी, सगळी एकाच आकाराची, तपकिरी टेप मारलेली. वर मार्करनं ‘किचन-३’, ‘हॉल-४’, ‘बेडरूम-२’. आम्ही आधी किचनची सगळी उघडली, मग बेडरूमची. साडेदहा वाजले. डॉक्टरांची चिठ्ठीही त्याच डब्यात होती, त्यामुळे मेडिकलवाल्याला नाव सांगता येईना. शेवटी आईच्या गोळ्यांच्या जुन्या पाकिटाचा फोटो बायकोच्या मोबाईलमध्ये सापडला, तेव्हा अकराला गोळी मिळाली. डबा दुसऱ्या दिवशी ‘हॉल-४’ मध्ये निघाला, टीव्हीच्या रिमोटशेजारी. कुकरची शिट्टी तर आठ दिवसांनी पडद्यांच्या कड्यांत सापडली. नव्या घरात आधी दूध उतू घालायचं, त्यालाही भांडं शेजारच्या काकूंकडून आणलं.

यात चूक कुणाचीच नव्हती, म्हणूनच ती गोष्ट माझ्या मनात राहिली. भरणारा हात वेगळा आणि उघडणारा वेगळा असला की हे होणारच.

दुसऱ्या वेळी म्हणून ठरवलं, जो उघडणार त्यानंच भरायचं. खोकी घेतलीच नाहीत. माझे मेहुणे दिंडोरीला टोमॅटो करतात, त्यांच्याकडून टोमॅटो भरायची पस्तीस प्लास्टिकची कॅरेट आणली. मे महिन्यात ती शेडमध्ये रिकामीच पडलेली असतात. नाशकात कुणाचं ना कुणाचं दिंडोरी, निफाड, सिन्नरला शेत असतंच, त्यामुळे मागायला लाजू नका. कॅरेटमध्ये वीस किलो टोमॅटो जातात, म्हणजे डबे-भांडी सहज मावतात. दोन बाजूंना हात घालायला जागा असते, एकावर एक घट्ट बसतात, तळ ओला झाला तरी खोक्यासारखी फाटत नाहीत. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे बाजूला जाळी असते. आतलं दिसतं. मांडणीवरची वरची फळी एका कॅरेटमध्ये, खालची दुसऱ्यात, त्याच क्रमानं. तिकडे गेल्यावर त्याच क्रमानं लावायचं. फ्रिजवरचा डबा मी मांडीवर घेऊन टेम्पोत बसलो, देवांची पेटी आईजवळ.

कष्ट मात्र आहेत. रोज संध्याकाळी दोन तास, असे बारा दिवस आम्ही भरत होतो. आणि हमालीचा प्रश्न येतो, तो सामान हलवायच्या दिवसाआधीच मिटवा. टेम्पोवाल्या भाऊंनी फोनवर विचारलं, “मजला कितवा? लिफ्टमध्ये कपाट बसतं का? घरघंटी आहे का?” मी सगळं खरं सांगितलं, रक्कम ठरवली आणि ती व्हॉट्सॲपवर लिहून घेतली. आमच्या ओळखीत एकानं हे केलं नाही, तर निम्मं सामान खाली उतरल्यावर ‘जिन्याचे वेगळे’ असा वाद झाला. आमचे दोन फेऱ्यांचे तीन हजार सहाशे आणि चार हमालांचे तीन हजार दोनशे लागले. कपाटाच्या एका कोपऱ्यावर दोराचा चरा उठला, तो आजही आहे. पॅकर्सकडून तसं झालं नसतं.

फ्रिजबद्दल एक सांगतो, कारण छोट्या हत्तीत जागा कमी म्हणून तो आडवा करायचा मोह होतो. करू नका. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं. उभाच न्या, आणि चुकून आडवा झालाच तर पोचल्यावर बराच वेळ उभा ठेवून मगच बटण लावा. भरलेला गॅस सिलिंडर पॅकर्सवाले सहसा घेत नाहीत, हेही आधी विचारून घ्या.

पुणे-मुंबईला जायचं असेल, तर मी विनातक्रार पॅकर्सकडेच जाईन. दोघंही नोकरीला, पदरात तान्हं मूल, भरायला वेळच नाही, अशा घरालाही त्यांचाच आधार. जड शिसवी सामान किंवा भरपूर काच असेल तरीही तेच बरे. पण नाशकातल्या नाशकात, द्वारका आणि मुंबई नाका हे चौक ओलांडून अर्ध्या तासाच्या अंतरावर जायचं असेल, हाताशी दहा-बारा दिवस असतील आणि घरात औषधं चालू असलेलं माणूस असेल, तर मला वाटतं स्वतः भरलेलं बरं. पॅकर्स ठरवलेच, तर निदान स्वयंपाकघर आणि औषधं त्यांच्या हाती देऊ नका. तेवढं वगळून दर मागता येतो.

तारीख महिनाअखेरची धरू नका. अकरा महिन्यांचे करार तेव्हाच संपतात आणि चांगले टेम्पोवाले तेव्हा मिळत नाहीत. आम्ही मंगळवारी, महिन्याच्या अठरा-वीस तारखेच्या सुमारास निघालो. रात्री नऊला नव्या ओट्यावर खिचडीला शिट्टी झाली होती आणि आईची आठची गोळी आठलाच झाली होती.