पित्ताची गोळी: पुडी, फॅमोटिडीन की पँटोप्राझोल?

आईच्या औषधांच्या डब्यात बीपीच्या गोळीशेजारी पँटोप्राझोलची स्ट्रिप वर्षानुवर्षं पडलेली. तीही घ्यायची पोळी-भाजी खाऊन, वर चहा झाल्यावर. दादरला मेडिकलमध्ये ‘पित्तावर काहीतरी द्या’ म्हटलं की बहुतेकांच्या हातात हीच स्ट्रिप पडते, म्हणून हे लिहितेय.

महिन्यातून एखाद्या वेळी वडापाव बाधला, तर सोड्याची पुडी किंवा पातळ अँटासिड पुरतं. पोटात साचलेलं आम्ल ते काही मिनिटांत मारतं, पण असर तास-दीड तासाचाच. सोड्यात सोडियम असतं, त्यामुळे बीपीवाल्यांनी जपून. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. थायरॉईडची गोळी आणि अँटासिड यांत 4 तास जाऊ द्यावेत.

रात्री आडवं झालं की जळजळ होते? मग आम्ल कमी तयार होऊ देणारी फॅमोटिडीनची गोळी बरी. तासाभरात लागू पडते, दहा-बारा तास टिकते. रोज घेतली की काही दिवसांत तिचा जोर ओसरतो. तिचीच जुनी बहीण रॅनिटिडीन मात्र मी घरात ठेवत नाही. 2019 मध्ये तिच्यात एनडीएमए हे कर्करोगाची शंका असलेलं द्रव्य सापडलं, 2020 मध्ये अमेरिकेने ती बाजारातून काढायला लावली आणि 2022 मध्ये आपल्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही ती गेली.

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल ही सगळ्यांत जोरकस. आम्ल तयार करणारे पंपच ती बंद करतात. पण पूर्ण गुण यायला 1 ते 4 दिवस लागतात आणि गोळी नाश्त्याआधी अर्धा तास घ्यावी लागते. आईसारखी जेवणानंतर घेतली तर निम्मी वाया. अल्सर, अन्ननलिकेची सूज, आठवड्यात दोन-तीनदा जळजळ असेल तर हीच हवी, साधारण 4 ते 8 आठवडे. वर्षानुवर्षं घेतल्यास बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाडं मोडण्याचा धोकाही थोडा वाढलेला दिसतो. शाकाहारी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-12ची तपासणी करून घ्यावीच. रक्ताच्या गुठळ्या रोखणारी क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल टाळतात. मळमळीवरचं डोम्परिडोन मिसळलेली कॅप्सूल रोजची करू नका, हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

एकदम बंद केली की आम्ल उसळतं, म्हणून आईची गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी केली. अ‍ॅस्पिरिनसोबत पोट सांभाळायला दिली असेल तर मनाने सोडू नका.

काळी शौच, गिळताना अडकणं, वजन उतरणं यांत गोळी निवडत बसू नका, डॉक्टर गाठा. आणि छातीत दाब येऊन घाम फुटला, तर पुडी न शोधता थेट केईएम हॉस्पिटलची किंवा जवळची कॅज्युअल्टी.