तोच साचा, दुसरा रंग की तेच रूप, नवे खोके : ट्रान्सफॉर्मर्सच्या संग्राहकासाठी तुलनात्मक आढावा

ट्रान्सफॉर्मर्सच्या, म्हणजे गाडी, विमान अशी रूपे घेणाऱ्या रोबोंच्या, पहिल्या पिढीतील खेळण्यांचा संग्रह आज नव्याने सुरू करणाऱ्यासमोर मुख्यतः दोन पर्याय असतात आणि दोन्हींत साचा बहुधा जुनाच असतो. पहिल्या प्रकारात त्याच साच्यातून निघालेल्या फिगरचे प्लास्टिक आणि रंगकाम बदलून तिला वेगळ्या पात्राचे नाव दिलेले असते. संग्राहक तिला रीपेंट म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पात्र तेच, रंगही तेच, परंतु उत्पादन आणि खोके नवे असते, ती रीइश्यू. 1980 च्या दशकातील मूळ प्रत हा तिसरा पर्याय आहेच, मात्र सगळे सुटे भाग शाबूत असलेली प्रत बहुतेकांच्या खिशाला परवडत नाही, म्हणून येथे ती मोजपट्टीपुरतीच घेतली आहे.

मूळ प्रतीचा मान राखूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. 1984 साली हॅस्ब्रो या खेळणी कंपनीने अमेरिकेत जी मालिका विक्रीस आणली, ती बव्हंशी जपानच्या ताकारा कंपनीच्या डायाक्लोन आणि मायक्रोमॅन या मालिकांतील खेळण्यांना नवी नावे व नवी खोकी देऊन उभी केलेली होती. ऑप्टिमस प्राइम हा त्याआधी जपानात बॅटल कॉन्व्हॉय या नावाने विकला जात होता, तर पिस्तुलाचे रूप घेणारा मेगाट्रॉन मायक्रोमॅनमधून आला होता. 1985 चा जेटफायर तर ताकाराचाही नव्हता. तो ताकातोकू या दुसऱ्याच कंपनीच्या साच्यातून निघाला. तेव्हा रीपेंट आणि रीइश्यू म्हणजे दुय्यम माल, असे नाक मुरडणाऱ्यांच्या मताला फार वजन देण्याचे कारण नाही.

रीपेंटची पारख करताना रंगामुळे खरोखरच वेगळे पात्र उभे राहते का, हे पाहावे. या कसोटीला सर्वांत चांगले उतरते ते एफ-15 विमानाचे त्रिकूट : करड्या, तांबड्या व निळ्या रंगांचा स्टारस्क्रीम, निळा थंडरक्रॅकर आणि काळा-जांभळा स्कायवॉर्प. कार्टून मालिकेतही या तिघांची आकृती एकच होती आणि ते रंगावरूनच ओळखू येत, त्यामुळे येथे एकच साचा तीनदा विकत घेण्यात फसगत नाही. 2003 साली जपानात ई-हॉबी या खेळणी विकणाऱ्या संकेतस्थळाने पिवळ्या रंगातला सनस्टॉर्म काढला, त्यालाही आधार होता तो मालिकेच्या आरंभी क्षणभर दिसलेल्या एका अनामिक विमानाचा. असे रीपेंट मला रीइश्यूपेक्षाही मोलाचे वाटतात, कारण ते संग्रहात खरी भर घालतात.

डॅटसन फेअरलेडी गाडीच्या साच्यातील तिघांत मात्र थोडा फरक करावा लागतो. पोलिसांच्या गाडीच्या रंगातला प्राउल आणि शर्यतीच्या गाडीसारखा सजवलेला स्मोकस्क्रीन स्वतंत्रपणे उठून दिसतात. ब्लूस्ट्रीकच्या खोक्यावर निळी गाडी रंगवलेली होती, पण आत निघे ती चंदेरी. कॅसेट प्लेयरचे रूप घेणाऱ्या साउंडवेव्हच्या कॅसेटींतून निघणाऱ्या दोन मानवाकृती रोबोंची तर गंमतच आहे : खेळण्यांत तांबडा तो रंबल आणि निळा तो फ्रेंझी, तर कार्टूनमध्ये नेमके उलट, आणि त्यावरून आजही वाद रंगतात. आयर्नहाइड व रॅचेट ही एकाच साच्यातील जोडी घेण्यापूर्वी दोन्ही खेळण्यांना धड डोके नाही, चेहरा म्हणून काचेआड एक स्टिकर तेवढा आहे, हे ठाऊक असावे. रंग बदलल्याने ही उणीव भरून निघत नाही.

रीपेंटमधील खरी जोखीम रंगात नसून प्लास्टिकमध्ये असते. या खेळण्यांचा बराचसा रंग वरून लावलेला नसतो, तो प्लास्टिकमध्येच मिसळलेला असतो. साहजिकच रंग बदलला की मिश्रणही बदलते. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढे वापरल्या गेलेल्या, सोनेरी झाक मिसळलेल्या प्लास्टिकचे भाग वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिले तरी ठिसूळ होतात आणि रूपांतर करताना हाताशी तुटतात. एकाच साच्यातील साधी प्रत धडधाकट आणि सोनेरी प्रत निकामी, असे त्यामुळे घडते. शिवाय साचा जितका अधिक वापरला जाईल तितके सांधे सैल पडण्याचा संभव वाढतो, म्हणून एखाद्या साच्यातून सातवे-आठवे पात्र निघत असेल तर फिगर आपल्या पायांवर नीट उभी राहते का, याची चित्रफीत विक्रेत्याकडून अवश्य मागवावी.

रीइश्यूचा गुण असा की पांढऱ्या भागांवर पिवळेपणा आलेला नसतो, स्टिकर कोरे असतात आणि मूठ, बंदूक, क्षेपणास्त्र असे हमखास हरवणारे भाग खोक्यातच मिळतात. तथापि नवे उत्पादन म्हणजे हुबेहूब जुने, असे गृहीत धरू नये. 2002 मध्ये हॅस्ब्रोने अमेरिकेत काढलेल्या ऑप्टिमस प्राइमच्या धुराड्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी आखूड केल्या होत्या, आणि ज्याला ट्रकच्या रूपाची ऐट हवी त्याला त्या खटकतातच. त्याच सुमारास ताकाराने जपानी बाजारासाठी वेगळी मालिका काढली आणि 2007 पासून एन्कोर हे नाव वापरले. 2018 पासून अमेरिकेत वॉलमार्टच्या दुकानांत जुन्या धाटणीच्या खोक्यांतली स्वस्त आवृत्ती आली. मेगाट्रॉनच्या बाबतीत खेळण्यातील पिस्तुलाला नारिंगी खूण लावण्याचा अमेरिकी नियम आड येतो. टपालाने मागवताना पिस्तुलासारखी दिसणारी वस्तू अडकण्याची शक्यताही लक्षात घ्यावी. याउलट 2024 मध्ये आलेली मिसिंग लिंक मालिका जुन्याची नवी आवृत्ती भासली, तरी तिचे सांधे व साचे नव्याने घडवलेले आहेत; तिला रीइश्यू समजून घेणाऱ्याला वेगळीच, आणि माझ्या मते अधिक चांगली, वस्तू मिळते.

भारतातून खरेदी करणाऱ्याला यात आणखी एक हिशेब करावा लागतो. खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झाले, तर 2021 च्या आरंभापासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचे आहे. त्यामुळे जपानी संकेतस्थळावरची किंमत वाचून हरखून जाण्यात अर्थ नाही. त्याच पैशांत देशातल्या देशात संग्राहकांकडून हातोहात आलेली रीइश्यू मिळत असेल, तर ती खोके फाटके असले तरी घ्यावी. (गोव्यात कारखाना असलेल्या फनस्कूलने हॅस्ब्रोच्या साच्यांतून काढलेले जी. आय. जो या दुसऱ्या मालिकेतील सैनिक चमत्कारिक रंगसंगतीमुळे आज परदेशी संग्राहकही शोधतात. आपल्याकडच्या माळ्यांवर ते अजून सापडतात.)

ज्याला मोजकीच पात्रे हवी आहेत, त्याने ऑप्टिमस, साउंडवेव्ह यांसारखी प्रमुख पात्रे रीइश्यूमध्ये घ्यावीत आणि रीपेंटवर खर्च करायचा तो विमानांच्या त्रिकूटासारख्या, रंगच ओळख असलेल्या गटांवर. ज्याला पुढे विकण्याची शक्यता वाटते, त्याने मात्र चाहत्यांच्या संमेलनांसाठी मर्यादित संख्येने निघालेल्या रीपेंटकडे वळावे, कारण सर्वत्र मिळणारी रीइश्यू पुन्हा बाजारात आली की आधीच्या आवृत्तीचा भाव बसतो. दोन्ही बाबतींत नकली मालापासून सावध राहावे लागते. लोकप्रिय रीइश्यूंच्या चिनी नकला इतक्या बेमालूम असतात की खोक्याचे छायाचित्र पुरेसे नसते. फिगरवर कोरलेली कंपनीची मुद्रा आणि साल जवळून टिपलेले छायाचित्र मागवावे, आणि विक्रेता ते देण्यास टाळाटाळ करू लागला तर तो व्यवहार तिथेच सोडावा.