क्राइसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स: मल्टिव्हर्स पिक्चरमधून बघितलेल्यांनी हे जाड पुस्तक घ्याच

मल्टिव्हर्सवाले, म्हणजे एकाच वेळी अनेक विश्वं असणारे पिक्चर बघून ज्यांना वाटतं की ही आयडिया मागच्या पाच-सात वर्षांतली आहे, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. डीसी या अमेरिकन कॉमिक्स कंपनीचं क्राइसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स, मूळ १२ अंक, १९८५-८६ मध्ये आलेले, आता एकत्र एका पेपरबॅकमध्ये मिळतात, साडेतीनशेच्या वर पानं. लेखन मार्व्ह वुल्फमनचं, चित्रं जॉर्ज पेरेझची. घ्यावं का, तर घ्याच. फक्त काय घेतोय ते माहीत असू द्या, कारण सुरुवातीच्या पानांत एवढी माणसं आणि एवढी जगं अंगावर येतात की बरेच जण तिथेच पुस्तक मिटवतात आणि खरी गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

आधी वस्तूबद्दल. आमच्या शहाद्याकडे असलं पुस्तक हातात घेऊन, चाळून, मग पैसे द्यायचे असं होत नाही, ऑनलाइनच मागवावं लागतं. माझं पार्सल नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत आलं, एक कोपरा पार दुमडलेला, विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तरसुद्धा नाही. म्हणून सांगतो, खोक्यात पॅक करून देणारा बघा, शंभर-दीडशे जास्त गेले तरी चालतील. बाइंडिंग चिकटवलेलं आहे, त्यामुळे दोन पानांवर पसरलेल्या चित्रांचा मधला भाग घडीत जातो, आणि या पुस्तकात ते फार लागतं मनाला, कारण पेरेझ एका चौकटीत पन्नास जण काढायचा आणि प्रत्येकाची उभं राहायची ढब वेगळी, चेहरा वेगळा, मागच्या रांगेतला कोपऱ्यातला माणूससुद्धा कोण आहे ते ओळखता येतं. २०२२ मध्ये गेला तो. गर्दी काढणारे खूप आहेत, पण गर्दीतल्या प्रत्येकाला मान देणारा दुसरा मी तरी बघितला नाही. अक्षर मात्र बारीक आहे आणि मजकूर भरपूर, दिवसा उजेडात वाचा.

आता हे सगळं आलं कुठून. १९४० मध्ये जे गॅरिक नावाचा फ्लॅश आला, डोक्यावर लोखंडी टोपी घालणारा. युद्धानंतर सुपरहिरोंचा बाजार बसला, त्याचं मासिक १९४९ मध्ये बंद पडलं. मग १९५६ मध्ये त्याच नावाने पण पूर्ण नवा फ्लॅश आणला, बॅरी ॲलन. आणि हा बॅरी लहानपणी जे गॅरिकची कॉमिक्स वाचत वाढलेला, म्हणजे त्याच्यासाठी जे गॅरिक हे गोष्टीतलं पात्र. सप्टेंबर १९६१ चा फ्लॅशचा १२३ वा अंक घ्या. बॅरी मुलांच्या कार्यक्रमात दोराचा खेळ करून दाखवतोय, शरीर इतक्या वेगाने थरथरवतो की स्टेजवरून गायब होतो आणि निघतो थेट दुसऱ्या शहरात, जिथे जे गॅरिक खराखुरा आहे, वय झालेलं, बायको आहे, घर आहे. बॅरी ते घर शोधून काढतो आणि लहानपणीच्या हिरोसमोर जाऊन उभा राहतो. दोन्ही पृथ्व्या एकाच जागी, फक्त कंपनं वेगळी, म्हणून एकमेकींना दिसत नाहीत, एवढं साधं कारण दिलंय. गार्डनर फॉक्सने लिहिलं, ज्याने १९४० मध्ये जेची गोष्टही लिहिली होती, आणि कहर म्हणजे त्या अंकात फॉक्सचंच नाव आहे, की त्याला दुसऱ्या पृथ्वीवरचं स्वप्नात दिसायचं आणि तो ते कॉमिक्स म्हणून लिहायचा.

हे मी घरी सांगितलं तर माझी आई म्हणाली, "मग त्यामा नवं काय शे?" बरोबरच आहे तिचं, रोज संध्याकाळी अनंतकोटी ब्रह्मांडनायक म्हणून हात जोडणाऱ्या बाईला दोन पृथ्व्यांचं काय कौतुक. कीर्तनात इंद्र आणि मुंग्यांची गोष्ट ऐकली असेल, रांगेतली प्रत्येक मुंगी आधी कधीतरी इंद्र होती, ती ऐकत वाढलेल्या माणसाला मल्टिव्हर्स समजायला अजिबात जड जात नाही. माझ्या भाच्यालाही गेलं नाही, नववीत आहे, धुळ्याला असतो, सुट्टीत आला की पुस्तकं ओढून नेतो.

हे मुद्दाम सांगतोय कारण ८५ पर्यंत डीसीवाल्यांचं मत झालं होतं की वाचक गोंधळतो, नवा वाचक येत नाही, हे आवरायला पाहिजे. पृथ्व्या झाल्याही होत्या भरपूर. अर्थ-थ्री, १९६४ मधली, जिथे सगळं उलटं, कोलंबस अमेरिकेतून निघून युरोप शोधतो, लिंकन नट आहे आणि राष्ट्राध्यक्षाला गोळी घालतो, आपले ओळखीचे सुपरहिरो तिथे गुंड आहेत. अर्थ-एक्स, जिथे दुसरं महायुद्ध नाझींनी जिंकलं. अर्थ-एस, शझाम म्हणणाऱ्या कॅप्टन मार्व्हलची. आणि अर्थ-प्राइम म्हणजे तुमची-माझी, जिथे सुपरहिरो फक्त कॉमिक्समध्ये असतात. तर कंपनीच्या पन्नासाव्या वर्षात वुल्फमनने ठरवलं की हे सगळं मोडून एकच पृथ्वी ठेवायची. हिशेब म्हणून बघितलं तर साफसफाई. पण त्या माणसाने आणि पेरेझने ती साफसफाई जशी लिहिली-काढली, त्यातच या पुस्तकाची सगळी किंमत आहे.

पहिलाच अंक बघा. पांढरी भिंत येतेय, ॲन्टिमॅटरची, आणि तिला लागेल ते विश्व पुसलं जातंय. पाळी येते अर्थ-थ्रीची, त्या उलट्या जगाची. आणि ते गुंड, ज्यांनी आयुष्यभर लोकांना छळलं, ते आपलं जग वाचवायला धावतात. अल्ट्रामॅन, तिथला दुष्ट सुपरमॅन, हरणार हे कळत असताना त्या भिंतीत उडी घेतो. तिकडे त्या पृथ्वीवरचा एकमेव चांगला माणूस लेक्स लुथर, हो, एरवी सुपरमॅनचा शत्रू असतो तोच लेक्स लुथर, आपल्या तान्ह्या पोराला रॉकेटमध्ये ठेवतो आणि शेजारी लोइस उभी, एरवी सुपरमॅनची असते ती, इथे लुथरची बायको, तिचंच पोर. सुपरमॅनच्या आई-बापाने आपल्या नष्ट होणाऱ्या क्रिप्टॉन ग्रहावर जे केलं तेच, पण लुथरच्या हातून. दोन-चार पानांत संपतं ते जग. इथे मी वाचायचा थांबलो आणि मागे जाऊन परत तीच पानं बघितली, कारण गुंडांचं जग असलं तरी ते त्यांचं घर होतं हे वुल्फमनने कुठलंही भाषण न देता दाखवलंय.

सातव्या अंकाचं कव्हर तर कॉमिक्स न वाचणाऱ्यांनीही कुठेतरी बघितलं असेल, सुपरगर्लचा देह हातांत धरून रडणारा सुपरमॅन. आठव्यात बॅरी ॲलन जातो. तो मला जास्त लागला. ॲन्टिमॅटरची तोफ बंद पाडायला तो तिच्याभोवती उलट्या दिशेने धावतो, धावत राहतो, शरीर विरत जातं, शेवटी नुसता पोशाख उरतो. मित्रांपैकी कोणी जवळ नाही, बघायला नाही, टाळ्या नाहीत. ज्याच्या धावण्यातून १९६१ मध्ये हे दुसरं जग सापडलं तोच धावता धावता संपतो, हे ज्याने जुळवलं त्याला मानलं भो.

पण माझ्या मते पुस्तकाचा जीव आहे अकराव्या अंकात. त्याआधी अर्थ-टू समजून घ्या. ही जे गॅरिकसारख्या जुन्या हिरोंची पृथ्वी, आणि इतर ठिकाणी कोणाचं वय वाढत नाही पण इथे वाढतं. सुपरमॅनचे केस पिकलेत, लोइसशी लग्न होऊन संसार जुना झालाय. बॅटमॅनने कॅटवुमनशी लग्न केलं, मुलगी झाली, हंट्रेस, आणि बॅटमॅन वारलासुद्धा. माणसासारखी माणसं. तर अकराव्या अंकात सगळ्या पृथ्व्यांची एक झालीये आणि हा म्हातारा सुपरमॅन सकाळी उठून ऑफिसला जातो. तिथे त्याला कोणी ओळखत नाही. त्याच्या पेपरचं नाव वेगळं आहे. लोइसला शोधतो, त्याची लोइस नाहीच, मेली असंही नाही, कधी नव्हतीच. जे गॅरिक, बॅरीचा तरुण चेला किड फ्लॅश आणि तरुण सुपरमॅन त्याला घेऊन त्याची पृथ्वी होती तिथे जातात आणि समोर काहीच नाही, पोकळी, आणि तो त्या पोकळीत झेप घ्यायला निघतो.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात राहणाऱ्याला हे वाचताना नर्मदाकाठ आठवणारच. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली, सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं सगळ्यात आधी गेलेलं गाव, त्यानंतर किती गावं, शेतं, झाडं, देव पाण्याखाली गेले. तिथली माणसं तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींत आणून बसवली. बाजारात भेटतात, बोलतात, गावाचं नाव सांगतात, आणि ते गाव दाखवायला बोट करावं तर खाली पाणी. कागदावर विषय संपला असं धरतात पण त्या माणसाचं गाव त्याच्या आत तसंच असतं. म्हाताऱ्या सुपरमॅनचं तोंड पेरेझने जसं काढलंय ते बघून मला तीच माणसं दिसली. पुढे त्याचं काय होतं ते इथे सांगत नाही.

म्हणून मला वाटतं मल्टिव्हर्सच्या गोष्टी चांगल्या की फालतू हे एकाच गोष्टीवर ठरतं, प्रत्येक जग तिथल्या माणसांना खरं वाटतं का. दहा वेगवेगळ्या पोशाखांतले एकच हिरो आणून उभे केले की झालं मल्टिव्हर्स, असं नाही. डीसीची स्पर्धक कंपनी मार्व्हलने १९७७ पासून व्हॉट इफ, म्हणजे 'असं झालं असतं तर', हे मासिक चालवलं, पहिल्या अंकात स्पायडरमॅन फॅन्टास्टिक फोरमध्ये जातो, मजा येते, पण बऱ्याचदा ते एका अंकापुरतं. त्यापेक्षा आपला पवित्र प्रभाकर बघा, २००४ मध्ये चार अंकांत आलेला मुंबईचा स्पायडरमॅन, धोतर नेसलेला, माया आत्या, भीम काका, त्याला शक्ती कोळी चावून नाही तर एका योग्याकडून मिळते. चित्रं जीवन कांगची. कथा साधी आहे पण जग त्याचं स्वतःचं होतं, म्हणून तो टिकला आणि २०२३ च्या स्पायडर-व्हर्सच्या पिक्चरमध्ये येऊन बसला, जो मराठी डबिंगमध्येही आला होता.

क्राइसिसमध्ये खटकणाऱ्या गोष्टी आहेत, लपवत नाही. ती पांढरी भिंत सोडणारा ॲन्टि-मॉनिटर हा व्हिलन मोठा आहे पण त्याला आतून काही नाही, नुसता गर्जतो. मधल्या अंकांत, पाच-सहाच्या आसपास, एका पानावर गोथिक किल्ला, पुढच्या पानावर डायनोसॉर, त्यापुढे अंतराळयान, आणि प्रत्येकजण आपलं नाव आणि शक्ती सांगत बोलतो, ते आज वाचायला जड जातं. अनोळखी पात्रं दिसली तर प्रत्येकाला शोधत बसू नका, सरळ पुढे जा. पॅरायाह नावाचा एकजण सारखा रडतो, पण जगं मरताना बघत राहायची शिक्षा आहे त्याला, दोनदा वाचलं की त्याचं रडणं पटतं.

आणि पुढे डीसीने स्वतःच हे पाळलं नाही. २००७ मध्ये ५२ पृथ्व्या परत आणल्या, बॅरीलाही २००८ मध्ये जिवंत केलं. मला ते आवडलं नाही. पृथ्व्या परत आल्या याचा आनंदच आहे, पण बॅरीचं मरण त्या लेखकाने फुकट दिलं नव्हतं. भाचा याच्या बरोबर उलट म्हणतो, त्याला परत आलेला बॅरी आधी भेटला, म्हणे मामा मला तोच खरा. यावर आमचं अजून चालू आहे.

कोणी घ्यावं: पिक्चर बघून उत्सुकता आहे त्यांनी, चित्रकलेचा नाद आहे त्यांनी तर नक्की, आणि लहानपणी इंद्रजालमधला वेताळ वाचून ज्यांचा कॉमिक्सशी संबंध सुटला त्यांनीही. दहा-अकरा वर्षांच्या पोराला एकट्याला देऊ नका, मरणं फार आहेत, सोबत बसून वाचा. जमलं तर आधी फ्लॅशचा १२३ वा अंक डिजिटलमध्ये वाचून घ्या, थोडीच पानं आहेत, मग क्राइसिस पाचव्या अंकापर्यंत एका दमात, मग दोन दिवस सोडा, मग उरलेलं. हार्डकव्हर परवडत असेल तर तेच घ्या, मधल्या घडीत जाणारी चित्रं त्यात जास्त उघडतात. पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो ॲन्टि-मॉनिटरचा.