‘हे सेटिंग बदलून बघा’ म्हणत त्याने परतीची मुदत संपवली

घरी जोडलेला हा माझा तिसरा डेस्कटॉप. थर्मल पेस्ट किती लावायची, समोरच्या पॅनेलच्या बारीक वायरी कुठे खोचायच्या हे मला कोणी सांगावं लागत नाही. तरीही मी फसलो, आणि फसलो ते माझ्या एका सवयीने. नवा सेट हातात आला की आधी तासन्‌तास बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, बसायचं, सगळं मनासारखं लावायचं, आणि भागांची तपासणी ‘नंतर करू’ म्हणून मागे टाकायची. विक्रेत्याने माझी ही सवय ओळखली आणि तिच्या आधाराने मला अठरा दिवस गुंतवून ठेवलं. परतीची मुदत पंधरा दिवसांची होती.

ऑनलाइन भेटलेल्या एका विक्रेत्याकडून मी तीन गोष्टी घेतल्या. प्रोसेसर आणि 8 जीबीच्या दोन रॅम आधीच बसवलेला मदरबोर्ड, 1 टीबीची एनव्हीएमई (बोर्डवरच्या एम.2 स्लॉटमध्ये बसणारी वेगवान) एसएसडी आणि 4 टीबीची हार्ड डिस्क. बोर्ड ‘फक्त चाचणीपुरता चालवलेला’, हार्ड डिस्क ‘कोरी, नुसतं पाकीट उघडलेलं’. वर ‘बायोस अपडेट करून, एक्सएमपी लावून, सगळं ट्यून करून देतो, तुम्ही फक्त केसमध्ये बसवा’ असं आश्वासन. (एक्सएमपी म्हणजे रॅम तिच्या जाहीर केलेल्या वरच्या वेगाने चालवणारं सेटिंग.) हार्ड डिस्कचा स्क्रीनशॉटही पाठवला होता. हिरवा शेरा, चालू तास शून्य. पैसे थेट घेतले.

एसएसडी खरी निघाली, हे सांगायलाच हवं. विंडोजमध्ये ती 931 जीबी दिसते, पण ती फसवणूक नाही. बनवणारे 1 टीबी म्हणजे दहाचा बारावा घात इतके बाइट्स धरतात, विंडोज 1024 च्या पटीत मोजतं, म्हणून आकडा कमी दिसतो. 4 टीबीची डिस्क तशीच 3.63 टीबी दिसते. एवढ्यावरून विक्रेत्याशी भांडू नका.

पहिल्या संध्याकाळी सगळं जोडलं, विंडोज टाकलं, हार्ड डिस्क दिसली, मी खूश. दुसऱ्या दिवशी काम करता करता ती यादीतून नाहीशी झाली. मशीन बंद करून चालू केलं तर परत हजर. विक्रेत्याला विचारलं. तो अगदी शांतपणे म्हणाला, “तुमच्या बोर्डवर एम.2 आणि साटाचे पोर्ट वाटून घेतलेले असतात. केबल दुसऱ्या पोर्टला लावा.”

आता हे खोटं नाही. साटा म्हणजे हार्ड डिस्कची केबल जिथे लागते ते पोर्ट. पुष्कळ बोर्डांवर एखाद्या एम.2 स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की साटाचे एक-दोन पोर्ट आपोआप बंद होतात. माझ्या बोर्डच्या माहितीपुस्तिकेतही तसा तक्ता होता. तो पाहून मला वाटलं, माणूस जाणकार आहे. माझ्या डोक्यात एवढं यायला हवं होतं की असा पोर्ट कायमचा बंद असतो. तो दुपारी चालून संध्याकाळी बंद पडत नाही. पण मी पोर्ट बदलला, तीन दिवस बरे गेले आणि डिस्क पुन्हा गेली.

मग केबल. नवी केबल आणली. मग ‘साटाचा मोड तपासा’. मी एएचसीआयवरून रेडवर (बोर्डने डिस्कशी बोलण्याच्या या दोन पद्धती) नेऊन पाहिलं, तर विंडोज उघडेनाच, निळा पडदा. ज्या मोडमध्ये विंडोज टाकलेलं असतं तो नंतर असाच बदलला की बूटच्या वेळी लागणारा ड्रायव्हर सापडत नाही. ती सगळी रात्र ते निस्तरण्यात गेली. मग ‘पॉवर प्लॅनमध्ये हार्ड डिस्क वीस मिनिटांनी झोपते, ते बंद करा’. हेही खरंच आहे, विंडोजच्या नेहमीच्या पॉवर प्लॅनमध्ये तशी सोय असते. पण झोपलेली डिस्क हात लावला की जागी होते, यादीतून पुसली जात नाही. प्रत्येक उत्तरात खरं काहीतरी असायचं, आणि त्या खऱ्या भागामुळेच मी उरलेल्या भागावर शंका घेत नव्हतो. दर उपायाला दोन-तीन दिवस जायचे. मी लेखी संदेश पाठवला की त्याचं उत्तर ठरलेलं, ‘फोन करा, समजावतो’. त्यामुळे त्याच्या सल्ल्यांपैकी एकही माझ्याकडे लेखी नाही.

याच काळात रॅमचं वेगळंच दुखणं चालू होतं. रॅम 3600 वेगाची. एक्सएमपी लावलेलं होतं, पण मशीन अधूनमधून आपोआप रीस्टार्ट व्हायचं. मेमटेस्ट86+ हे रॅम तपासणारं साधन चालवलं तर चुका दाखवणाऱ्या लाल ओळी. त्याचं म्हणणं, “ट्यूनिंग प्रत्येक रॅमला वेगळं लागतं, जरा खाली आणा.” 3200 वर आणल्यावर चुका थांबल्या. मला वाटलं, झालं, प्रश्न सुटला.

खरं तर तिथेच पाणी मुरत होतं. दोन्ही रॅम प्रोसेसरजवळच्या पहिल्या दोन स्लॉटमध्ये बसवलेल्या होत्या, म्हणजे ए1 आणि ए2. ए आणि बी हे प्रोसेसर आणि रॅममधले दोन रस्ते, म्हणजे चॅनेल. चार स्लॉटच्या बोर्डावर दोनच रॅम असतील तर त्या सहसा दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, ए2 आणि बी2 मध्ये लावतात. माझी माहितीपुस्तिकाही तेच सांगत होती. मी विचारल्यावर तो म्हणाला, “या बायोसला असंच लागतं, हलवलंत तर माझी गॅरंटी नाही.” सीपीयू-झेड या भागांची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहिलं तर चॅनेल ‘सिंगल’. 3600 ची रॅम एका चॅनेलवर सेकंदाला जास्तीत जास्त 28.8 जीबी वाहू शकते, दोन चॅनेलवर 57.6. म्हणजे मी अर्ध्या रुंदीच्या रस्त्यावर वेग वाढवायची धडपड करत होतो. शिवाय एकाच चॅनेलवर दोन रॅम टाकल्या की मेमरी कंट्रोलरवरचा भार वाढतो आणि वरचा वेग टिकवणं अवघड होतं. ज्याला तो ‘ट्यूनिंग’ म्हणत होता तो मेलेल्या चॅनेलवर घातलेला पडदा होता.

हे मला कळलं अठराव्या दिवसानंतर. त्याआधी डिस्कचं सांगतो, कारण मला हे लिहायला बसवलं ते डिस्कने.

आमच्या आजोबांच्या आवाजातल्या काही जुन्या कॅसेट आहेत. गावाकडच्या आठवणी, नातवंडांना सांगितलेल्या गोष्टी. त्या डिजिटल करून या मोठ्या डिस्कवर ठेवायच्या, हा नवीन मशीनमागचा एक हेतू होता. त्या दिवसांत मी रोज रात्री एक कॅसेट वाजवून नोंदवत होतो. सतराव्या दिवशी एक फाइल उघडेना. दुसरी अर्ध्यावर अडकली. आणि केसमधून टिक, टिक असा आवाज.

तेव्हा कुठे मी स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे नीट वाचले. हे मी पहिल्या संध्याकाळी करायला हवं होतं. 199 क्रमांकाचा आकडा केबलवरच्या चुका मोजतो. तो शून्य होता आणि शून्यच राहिला. म्हणजे केबलचा दोष कधीच नव्हता. 197 हा आकडा मात्र, जे सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे तुकडे) वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागायचा आहे त्यांचा, त्या दिवशी 16 होता, दुसऱ्या दिवशी 104. हे आकडे आठच्या पटीत दिसतात ते उगाच नाही. हल्लीच्या बहुतेक डिस्कवर खरा सेक्टर 4096 बाइट्सचा असतो आणि तो 512 बाइट्सचे आठ म्हणून सांगितला जातो, म्हणून एक बिघडला की आकडा बऱ्याचदा आठने वाढतो.

9 क्रमांकाला चालू तास होते 118. ते माझ्याच वापराचे. मग 118 तासांची कोरी डिस्क अशी का मरते?

स्मार्टचे आकडे पुसता येतात, हे मला ऐकून माहीत होतं. सीगेटच्या बऱ्याच डिस्क मात्र याशिवाय आणखी एक नोंदवही ठेवतात. तिचं नाव फार्म, म्हणजे फील्ड अ‍ॅक्सेसिबल रिलायबिलिटी मेट्रिक्स. स्मार्टमोनटूल्स या मोफत साधनाच्या 7.4 आवृत्तीपासून ती वाचता येते. 2025 च्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेल्या डिस्क तास शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्याचं मोठं प्रकरण उघडकीस आलं, तेही याच नोंदीमुळे. माझी डिस्कही ही नोंद ठेवणारी होती. बनवणाऱ्यांचा यात काही दोष नाही, उलट त्यांच्या नोंदवहीमुळेच मला खरं कळलं. फार्ममध्ये चालू तास होते 31,412. साडेतीन वर्षांहून जास्त काळ, रात्रंदिवस कुठेतरी घासून काढलेली डिस्क माझ्या आजोबांच्या आवाजासाठी मी विकत घेतली होती.

ते कळल्यावर मी ती बाहेर काढून उजेडात धरली. स्क्रूच्या भोकांभोवती चकाकणारे ओरखडे, साटाच्या सोनेरी पट्ट्यांवर पुन्हा पुन्हा घातल्या-काढल्याच्या रेघा. नव्या डिस्कवर असं काही नसतं. हे पाहायला कुठलंही साधन लागत नाही, पण मी तिला पहिल्या दिवशी घाईने केसमध्ये ढकललं होतं. कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकला तर वॉरंटी नाही, ही डिस्क दुसऱ्या यंत्राचा भाग म्हणून विकली गेली होती.

आता बोर्डाकडे. संशय आलाच होता, म्हणून एकच रॅम घेऊन चारही स्लॉटमध्ये फिरवली. ए1, ए2 मध्ये चालते. बी1, बी2 मध्ये पडदा काळा आणि बोर्डवरचा, रॅमची अडचण दाखवणारा डीरॅमचा दिवा पेटलेला. दुसरी रॅम घेऊन तेच केलं, तेच झालं. म्हणजे रॅम निर्दोष. प्रोसेसर उचलला आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने सॉकेट मोठं करून पाहिलं. 1200 पिनांच्या त्या जाळीत एका कडेला दोन पिना शेजारणीवर कललेल्या. प्रोसेसर आधीच बसवून पाठवण्याचं कारण तेव्हा लक्षात आलं. त्याच्याखाली सॉकेट कोणाला दिसत नाही.

फोटो पाठवले. त्यावर चोराच्या उलट्या बोंबा. “प्रोसेसर तुम्ही उचललात, पिना तुम्हीच वाकवल्यात.” आणि डिस्कचं काय, तर “मुदत संपली आहे.” माझ्याकडे सॉकेटचा आधीचा एकही फोटो नव्हता. डिस्कचा पहिल्या दिवशीचा स्मार्ट अहवाल नव्हता. त्याच्याकडे मात्र माझे संदेश होते, ज्यात मीच लिहिलं होतं, ‘पोर्ट बदलला, आता ठीक चालतंय’. पैसे परत मिळाले नाहीत. फोनही आता उचलत नाही.

तुम्ही वापरलेला बोर्ड किंवा ‘पाकीट उघडलेली’ डिस्क घेणार असाल तर कळकळीने सांगतो, पहिल्या संध्याकाळी एक्सएमपीला हात लावू नका. कोणी आधीच काही लावून दिलं असेल तर बायोस मूळ सेटिंगवर आणा. त्या अवस्थेत डीडीआर4 रॅम साधारण 2133 किंवा 2400 वर चालेल, चालू द्या. प्रोसेसर बसवून आला असेल तर तो उचलण्याआधी, उचलताना आणि उचलल्यावर न थांबवता चित्रण करा. मोकळ्या सॉकेटचा बोर्ड त्याच्या प्लास्टिकच्या झाकणासकट मिळाला तर उत्तमच. एकच रॅम चारही स्लॉटमध्ये फिरवा, मग दोन्ही योग्य जागी लावून मेमटेस्ट86+ रात्रभर चालू ठेवा. मूळ सेटिंगवर एकही चूक येता कामा नये. आली तर तुमच्या सेटिंगचा त्यात काही संबंध नाही, आणि हे वाक्य विक्रेत्याला लेखी पाठवता येतं. मला ते पाठवता आलं नाही, कारण माझं मशीन कधीच मूळ सेटिंगवर नव्हतं.

डिस्कची लांब स्मार्ट चाचणी लावा. 4 टीबीला सरासरी सेकंदाला 150 एमबी धरले तरी सात-साडेसात तास लागतात, रात्री लावून झोपा. त्याआधी आणि त्यानंतर सगळे आकडे फाइलमध्ये जतन करा, 5 (बदली दिलेले सेक्टर), 9, 197, 198 (वाचता न आलेले सेक्टर) आणि 199 तर नक्कीच. एसएसडी असेल तर एच2टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ3 या साधनाने ती काठोकाठ भरून परत वाचून घ्या, कारण बनावट फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) घातलेल्या ड्राइव्ह सांगतात 2 टीबी आणि आत चिप असते त्याच्या काही हिस्स्याचीच. खरी जागा भरेपर्यंत त्याही बिनबोभाट चालतात. भरताना मध्येच वेग घसरला तर घाबरू नका, वेगवान कॅश (आतली तात्पुरती जागा) भरली की चांगल्या एसएसडीचाही वेग उतरतो. परत वाचताना एकही बाइट बदललेला नसावा, एवढंच बघा.

आणि विक्रेता फोनवर दुसरा उपाय सांगू लागला की त्याला म्हणा, लिहून पाठवा. मुदतीची शेवटची तारीख भिंतीवर लावा आणि निम्मे दिवस उरले असतानाच परतीचा अर्ज करा. उपाय लागू पडला तर अर्ज मागे घेता येतो.

कॅसेट अजून आहेत. अकरा फायली गेल्या होत्या, नऊ पुन्हा नोंदवल्या. एका कॅसेटची फीत दुसऱ्यांदा वाजवताना ताणली गेली आणि तिच्यावरचा आवाज आता घोगरा येतो. एक मी अजून लावलेली नाही. नवी डिस्क परवा आली आहे, दुसरीकडून, सीलबंद. लांब चाचणी पूर्ण झाली, आकडे जतन केले, आता ती काठोकाठ भरून परत वाचणं चालू आहे. ते संपल्यावरच ती कॅसेट लावणार आहे.