जून ते संक्रांत: घरातल्या सायकलचा अनुभव

माझं वय बावन्न. उजवा गुडघा जिने उतरताना दुखायचा आणि एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.१, म्हणजे मधुमेहाच्या सीमारेषेवर आला होता. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ता नको, पण रोजचा व्यायाम आता टाळू नका. डोंबिवलीत भर पावसात पहाटे फिरायला निघायचं म्हणजे शेवाळलेला फुटपाथ आणि पाण्याखाली दडलेले खड्डे. दुखऱ्या गुडघ्याला ते झेपणारं नव्हतं. म्हणून जूनमध्ये मॅग्नेटिक रेझिस्टन्सची, म्हणजे चुंबकाने पेडल जड-हलकं करता येणारी, एक्सरसाइज बाईक घेतली आणि हॉलच्या खिडकीशी लावली. तेव्हापासून गणपती आणि दिवाळीचे दिवस वगळता ती नियमित चालवते आहे.

आधी गुडघ्याबद्दल, कारण बहुतेकांना तीच शंका असते. जिना उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. सायकलवर बरंचसं वजन सीट पेलते. सांधा वाकतो, सरळ होतो, पण दणके बसत नाहीत आणि मांडीचे पुढचे स्नायू बळकट होत जातात. सांध्याला खरा आधार त्यांचाच असतो. दसऱ्याच्या सुमारास स्टेशनचा पूल कठडा न धरता उतरता यायला लागला. मला तरी यापेक्षा मोठा फायदा दुसरा वाटत नाही.

मात्र हे सगळं सीटच्या उंचीवर अवलंबून आहे. सायकलशेजारी उभं राहून सीट कमरेच्या हाडाच्या पातळीला आणायची, हा पहिला अंदाज. मग वर बसून एक पेडल अगदी खाली न्यायचं आणि त्यावर टाच टेकवायची. पाय सरळ झाला पाहिजे. आता टाचेऐवजी चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासा बाक उरतो. तेवढाच हवा. सीट खाली राहिली तर गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीच्या मागे दुखायला लागतं. फार वर गेली तर कंबर डावी-उजवीकडे हलते. सायकल घरात दोघंजण वापरणार असतील तर दांड्यावरचा आपापला आकडा लक्षात ठेवा आणि रोज तपासा. हे काम मिनिटाभराचं आहे, पण ते टाळून ‘सायकलने गुडघे जातात’ म्हणणारे मला बरेच भेटले.

साखरेचं म्हणाल तर डिसेंबरचा एचबीए१सी ५.७ आला. म्हणजे अजून सीमारेषेवरच आहे, पण दिशा बरोबर आहे. रात्रीचा भातही कमी केला, तेव्हा सगळं श्रेय सायकलला देता येणार नाही. जेवणानंतर थोड्या वेळाने हलक्या रेझिस्टन्सवर पंधरा मिनिटं चालवली, की जेवणानंतरची साखर कमी चढते, हे ग्लुकोमीटरवर मी अनेकदा पाहिलंय. काम करणारे स्नायू इन्सुलिनच्या फारशा मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच वेळ ठरवावी.

वजन तीनच किलो उतरलं. स्क्रीनवरच्या कॅलरींवर विसंबून राहू नका. माझ्या सायकलला माझं वजनच माहीत नाही, तर ती हिशेब कशी करणार! त्यापेक्षा श्वासाकडे लक्ष द्या. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम वेग. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला अशा मध्यम व्यायामाची १५० ते ३०० मिनिटं सांगितली आहेत. पाऊस, ऊन, रात्रीची उशिराची लोकल, यातलं काहीही घरातल्या सायकलच्या आड येत नाही, म्हणून तो कोटा खरोखर पूर्ण होतो. सकाळी उठल्या उठल्या मोजलेली नाडीसुद्धा ८२ वरून ७२-७३ वर आली आहे.

सायकलने होत नाही तेही सांगते. हाडांवर भार पडत नाही, त्यामुळे हाडांच्या मजबुतीसाठी ती पुरेशी नाही. रजोनिवृत्तीच्या वयातल्या बायकांनी हे विशेष लक्षात घ्यावं. दंड आणि पाठही तशीच राहते. म्हणून मी आठवड्यातून दोनदा डंबेल्स आणि खुर्चीवरून उठबस करते, आणि पाऊस गेल्यापासून संध्याकाळी चालतेही.

एक कळकळीची सूचना, विशेषतः स्पिनिंगच्या (अशाच जागच्या जागी सायकलवर जोरात पेडल मारण्याच्या) क्लासला जाणाऱ्या तरुण मुलांना. सवय नसताना पहिल्याच दिवशी तासभर जीव तोडून पेडल मारू नका. अशा अतिश्रमाने मांडीचे स्नायू अक्षरशः फुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडावर येऊ शकतात; त्याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. मांड्या सुजून असह्य दुखल्या आणि लघवी काळपट चहासारखी झाली तर घरी थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आता देखभाल. मॅग्नेटिकमध्ये चाकाला काही घासत नाही, त्यामुळे आवाज नगण्य. चाकावर फेल्टचा (दाबलेल्या लोकरीसारख्या जाड कापडाचा) पॅड घासणाऱ्या सायकलीत तो झिजतो आणि बदलावा लागतो. खाली जाड रबरी मॅट टाकल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार नाही. आपल्याकडच्या दमट हवेत घामातलं मीठ नटबोल्ट पटकन गंजवतं, म्हणून चालवून झाली की हँडल आणि सीटचा दांडा कोरड्या फडक्याने पुसायचा आणि महिन्यातून एकदा पेडल व क्रँक (पेडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा) पान्याने आवळायचे. सोबत आलेली सीट मला टोचायची; रुंद सीट वेगळी घेऊन बसवली. तुम्ही उंच असाल तर ऑनलाइन मागवण्याआधी दुकानात जाऊन, सीट सगळ्यात वर करून, त्यावर बसून पाहा.